इंग्रजीतली विशेषणं: नामाच्या पुढं, मागं आणि अधेमधे

खुलताबादकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझा भाचा वेरुळला गाईडचं काम शिकायलाय. शिक्षण मराठी माध्यमातलं, पण इंग्रजी बोलायला बिचकत नाही, ही जमेची बाजू. पाहुण्यांच्या हातात द्यायला त्यानं एक पानभर इंग्रजी मजकूर लिहिलाय. त्यातला तुकडा देवनागरीतच टाकतो, मोबाईलवर तेच सोपं जातंय:

"कैलास इज अ स्टोन ब्लॅक ओल्ड बिग टेंपल. इट इज वन ऑफ द मोस्ट बिगेस्ट टेंपल इन इंडिया. इट इज अ ट्वेल्व्ह हंड्रेड इयर्स ओल्ड टेंपल. फॉरेन टूरिस्ट्स आर व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस टेंपल. फ्यू गुड हॉटेल्स आर देअर नियर द केव्हज. फॉर एनी प्रॉब्लेम मीट द कन्सर्न्ड ऑफिसर."

अर्थ कळतो, पण वाचताना भातात खडे लागावेत तसं होतंय. बहुतेक खडे विशेषणांचेच आहेत असा माझा अंदाज. इथं इंग्रजी शिकवणारी बरीच मंडळी आहेत म्हणून विचारतो. नुसतं दुरुस्त करून देऊ नका, कारणही सांगा. उद्या हाच गडी अजिंठ्याचं पान लिहायला बसणार आहे.

मोंढा

पयला नंबर! आता मपलं म्हणणं ऐका. इंग्रजीत विशेषणाला ना लिंग, ना वचन, ना विभक्ती. बिग बॉय, बिग गर्ल, बिग हाऊसेस. बिग म्हणजे बिगच. मराठीत मोठा, मोठी, मोठं, मोठे, मोठ्या, एवढी सोंगं करावी लागतात. मग एवढं सोपं असताना आपल्या पोरांचा घोळ काऊन होतो?

गोदाकाठ

मोंढाभाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे.

मराठीत "काळ्या घोड्याची शेपटी" आणि "काळी घोड्याची शेपटी" यांत काय काळं आहे ते विशेषणाचा शेवटच सांगतो. विशेषण जरा इकडंतिकडं सरकलं तरी आपलं नाम ते बरोबर हुडकतं. इंग्रजी विशेषणाकडं अशी ओळखपाळख काही नाही. ते कुणाचं आहे, कोणत्या अर्थानं आलंय, हे त्याच्या जागेवरूनच ठरतं. रूप बदलत नाही म्हणून पोरं गाफील राहतात आणि जागेत फसतात. चाळीसेक वर्षं नांदेडात शिकवलं, वर्गात निम्मा वेळ याच्यावरच जायचा.

आता भाच्याचं पहिलं वाक्य. नामाआधी चार विशेषणं आली की इंग्रजीत त्यांचा क्रम साधारण ठरलेला असतो: आधी आपलं मत (लव्हली, अग्ली), मग आकारमान (बिग, स्मॉल), मग वय (ओल्ड, न्यू), मग घडण (राउंड, स्क्वेअर), मग रंग, मग कुठलं (इंडियन, पर्शियन), मग कशाचं बनलेलं (स्टोन, ब्रास, कॉटन), आणि अगदी नामाला चिकटून कशासाठी (वॉकिंग स्टिकमधलं वॉकिंग). म्हणून "अ बिग ओल्ड ब्लॅक स्टोन टेंपल". भाच्यानं नेमकं उलटं लिहिलंय. चारही शब्द बरोबर, रांग शेवटाकडून लावलेली.

हे पाठ करत बसू नये. इंग्रज मूलही पाठ करत नाही. तत्त्व एवढंच ध्यानात ठेवा की जे विशेषण वस्तूपासून वेगळं काढता येत नाही ते नामाजवळ, आणि जे माणसागणिक बदलू शकतं ते लांब. देऊळ दगडाचं आहे यावर वाद नाही. ते सुंदर आहे की नाही यावर दोघांचं भांडण होऊ शकतं.

आणि आपल्याला हे अर्धं येतंच की. "मोठं जुनं दगडी देऊळ" म्हणा किंवा "जुनं मोठं दगडी देऊळ" म्हणा, दोन्ही चालतात. पण "दगडी मोठं जुनं देऊळ" म्हणून बघा. जीभ अडते. एसटीत बाकीचे कुठंही बसोत, कंडक्टरची सीट ठरलेली, तसं मराठीतही दगडी, लाकडी, सुती, पितळी यांची जागा नामाशेजारीच आहे. इंग्रजीनं ही शिस्त बाकीच्यांनाही लावली, इतकंच.

दूरदेशी

सर, मग "बिग बॅड वुल्फ"चं काय? बॅड हे मत आहे, बिग आकारमान. तुमच्या नियमानं "बॅड बिग वुल्फ" पाहिजे.

गोदाकाठ

बरोबर पकडलंत. तिथं कान जिंकतो. टिक-टॉक, झिग-झॅग, पिंग-पाँग ही जोडी बघा. आधी इ, मग अ किंवा ऑ. टॉक-टिक कुणी म्हणत नाही. बिग-बॅड त्याच चालीवर बसलंय. असे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांच्यासाठी नियम सोडायचं कारण नाही.

लातूरची_लेक

दुसऱ्या वाक्याकडं मी येते, कारण आमच्या क्लासमध्ये रोज हाच दळण चालू असतो. स्पर्धा परीक्षेला डिग्रीचा, म्हणजे विशेषणाच्या तुलनेच्या पायऱ्यांचा, प्रश्न हमखास.

"मोस्ट बिगेस्ट" हा दुहेरी हिशोब झाला. एकतर शेवटी इस्ट लावा, नाहीतर आधी मोस्ट लावा. एकाच अवयवाचा, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा, शब्द असला (बिग, टॉल, ओल्ड) की इर-इस्ट. दोन अवयवांचा आणि शेवटी वाय असला (हॅपी, हेवी) तरी इर-इस्ट. त्याहून लांब असला (ब्यूटिफुल, इंटरेस्टिंग) की मोर-मोस्ट. गुड-बेटर-बेस्ट आणि बॅड-वर्स-वर्स्ट हे स्वतंत्र संस्थान, ते पाठच करावं लागतं.

पण भाच्याची यापेक्षा मोठी चूक पुढं आहे, आणि ती शिकलेसवरलेलेही करतात. "वन ऑफ द" म्हटलं की पुढचं नाम अनेकवचनी. "वन ऑफ द बिगेस्ट टेंपल" नाही, "टेंपल्स". अनेकांमधलं एक म्हणायलोय ना आपण, मग ते अनेक दिसायला नकोत का?

डिग्री बदलतानाही इथंच मार्क जातात. "मुंबई इज द बिगेस्ट सिटी इन महाराष्ट्र" याचं पॉझिटिव्ह, म्हणजे बिग हे साधं रूप वापरून केलेलं वाक्य, "नो अदर सिटी इन महाराष्ट्र इज ॲज बिग ॲज मुंबई". पण "वन ऑफ द बिगेस्ट" असेल तर "नो अदर" टाकलं की वाक्याचा अर्थच बदलला. तिथं "व्हेरी फ्यू सिटीज" पाहिजे. पोरं नियम म्हणून घोकतात, पण साधा विचार केला तरी कळतं: पहिल्यात एकच राजा आहे, दुसऱ्यात चार-दोन सरदार आहेत.

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांच्यापुढं दॅन येत नाही, टू येतं. "ही इज सीनियर टू मी." हे शब्द लॅटिनमधून तुलना पोटात घेऊनच आलेत.

परभणी_मोती

ताई, एक शंका. युनिक, परफेक्ट याला मोर-मोस्ट लावायचं नाही असं आम्हाला शिकवलंय. एखादी गोष्ट परफेक्ट आहे किंवा नाही, अर्धी परफेक्ट कशी असेल?

दूरदेशी

परीक्षेत लावू नका, मार्क कापतील. पण तो नियम तितका पक्का नाही. अमेरिकेची राज्यघटना १७८७ ची, तिच्या उद्देशिकेच्या पहिल्याच ओळीत "मोर परफेक्ट युनियन" आहे. ती लिहिणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

लातूरची_लेक

@परभणी_मोती, पेपर तपासणारे अमेरिकेची घटना उघडून बसत नाहीत. तुम्ही पुस्तकातलंच लिहा.

खुलताबादकर

मंडळी, धन्यवाद. भाचा शेजारी बसून वाचायलाय. विचारतोय की "ट्वेल्व्ह हंड्रेड इयर्स ओल्ड टेंपल" यात काय चुकलं? बाराशे वर्षं म्हणजे अनेकवचनच की.

गोदाकाठ

त्याला सांगा, हिशोब बरोबर, जागा चुकली. "द टेंपल इज ट्वेल्व्ह हंड्रेड इयर्स ओल्ड" इथं इयर्स हवंच. पण हेच सगळं गाठोडं उचलून नामाच्या आधी ठेवलं की ते एक विशेषण होतं, आणि इंग्रजी विशेषणाला अनेकवचन नाही. म्हणून "अ ट्वेल्व्ह-हंड्रेड-इयर-ओल्ड टेंपल", मध्ये जोडरेघा. तसंच "टेन-रुपी नोट", "फाइव्ह-स्टार हॉटेल". वेरुळचं बारावं लेणं, ज्याला आपण तीन ताल म्हणतो, त्याला "अ थ्री-स्टोरी मॉनेस्ट्री" म्हणायचं, "थ्री-स्टोरीज" नाही. आपणही "तीनमजली इमारत" म्हणतो, "तीनमजले इमारत" म्हणत नाही.

इंटरेस्टिंगचंही आताच उरकतो. ज्याच्यामुळं काही वाटतं त्याला आयएनजी, ज्याला वाटतं त्याला ईडी. देऊळ इंटरेस्टिंग, पाहुणे इंटरेस्टेड. बोअरिंग-बोअर्ड, टायरिंग-टायर्ड, कन्फ्यूझिंग-कन्फ्यूझ्ड सगळे याच वाटेनं जातात. "आय ॲम बोअरिंग" असं म्हणणारा स्वतःचीच निंदा करत असतो. ऐकणारा भला असेल तर हसत नाही.

आणि ते "फ्यू गुड हॉटेल्स". तिथं नुसता "अ" राहिलाय, पण त्यानं हॉटेलवाल्यांचा धंदा बसेल. "अ फ्यू" म्हणजे थोडी का होईना, आहेत. नुसतं "फ्यू" म्हणजे जवळपास नाहीतच, अशी तक्रार. लिटल आणि अ लिटलचंही तेच.

मोंढा

हे फ्यू, लिटल, धिस, दॅट आमच्या शाळेत विशेषणातच होते. पोरीच्या पुस्तकात वेगळंच नाव दिसलं, डिटरमायनर का काय. खरं कोणतं?

गोदाकाठ

दोन्ही वाचवायचे असतील तर असं धरा: जुनी व्याकरणं या सगळ्यांना विशेषणाच्या घरात ठेवायची, जसं आपलं सार्वनामिक विशेषण आणि संख्याविशेषण. नवी व्याकरणं त्यांना वेगळं घर देतात, कारण त्यांचं वागणं वेगळं. विशेषणं चार एकाशेजारी एक बसतात, पण "माय धिस हाऊस" चालत नाही. "माझं हे घर" आपल्याकडं सर्रास चालतं, म्हणून आपली पोरं तिथं हमखास घसरतात. परीक्षेला जे पुस्तक लावलंय त्यातलं नाव लिहावं.

दूरदेशी

मला भाच्याच्या शेवटच्या वाक्यावर बोलायचंय. "मीट द कन्सर्न्ड ऑफिसर."

आपल्याकडच्या प्रत्येक अर्जात, परिपत्रकात, तहसीलच्या पाटीवर हे असतं. "संबंधित अधिकारी" या अर्थानं. पण इंग्रजी वाचणाऱ्या परदेशी माणसाला नामाआधीचं कन्सर्न्ड दिसलं की तो "चिंतेत पडलेला" असा अर्थ घेतो. संबंधित म्हणायचं असेल तर विशेषण नामाच्या मागं: "द ऑफिसर कन्सर्न्ड". म्हणजे आपले पाहुणे वेरुळात एखादा काळजीनं काळवंडलेला अधिकारी शोधत फिरतील.

जागेनं अर्थ पालटणारी ही एकटीच नाही. "द मेंबर्स प्रेझेंट" म्हणजे बैठकीला हजर असलेले सदस्य, "द प्रेझेंट मेंबर्स" म्हणजे सध्याचे सदस्य, भले त्यातला एकही बैठकीला आलेला नसो. ग्रामसभेचं इतिवृत्त इंग्रजीत लिहिताना गडबड झाली तर कोरमचा हिशोबच कोलमडेल. "द रिस्पॉन्सिबल ऑफिसर" म्हणजे जबाबदारीनं वागणारा, "द ऑफिसर रिस्पॉन्सिबल" म्हणजे ज्याच्यामुळं हे झालं तो. पहिल्याचा सत्कार होतो, दुसऱ्याची चौकशी.

आणि माझं सगळ्यात आवडतं: "द सरपंच इज लेट" म्हणजे सरपंचांना यायला उशीर झालाय. "द लेट सरपंच" म्हणजे सरपंच आता येणारच नाहीत.

मोंढा

अरारारा. आमच्या गावात एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर बसला असता हा. लई भारी.

परभणी_मोती

पण दूरदेशीदादा, कन्सर्न्ड ऑफिसर भारतात सगळेच लिहितात, सगळ्यांना कळतं. मग ते चूक कसं? आपल्या इंग्रजीची ती पद्धत म्हणा की.

दूरदेशी

मुंबईच्या ऑफिसला पत्र लिहायचं तर खुशाल लिहा, मीही लिहितो. भारतीय इंग्रजीची पद्धत म्हणून मला ते मान्य आहे. पण भाच्याचा वाचक कोण आहे? जपानहून, फ्रान्सहून आलेला माणूस. त्यानं आपली परिपत्रकं वाचलेली नाहीत. तसंच "स्मॉल स्मॉल केव्हज", "हॉट हॉट टी". आपल्याकडं "लहान लहान लेणी" म्हटलं की एकेक वेगळं डोळ्यांपुढं येतं, पण इंग्रजीत विशेषण दोनदा म्हटल्यानं तो अर्थ येत नाही. तिथं "मेनी स्मॉल केव्हज" म्हणावं.

गोदाकाठ

या मागं बसणाऱ्या विशेषणांवरून आमच्या वडिलांची आठवण झाली, थोडं विषयांतर करतो.

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं ते उर्दू माध्यमाचं. वडिलांची पिढी व्याकरण शिकली तेही उर्दूतून. ते विशेषणाला "सिफत" म्हणायचे आणि ज्याची सिफत सांगायची त्या नामाला "मौसूफ". इंग्रजी शिकवायला बसले की आधी मौसूफ हुडकायला लावायचे. "मौसूफ कुठाय? तो सापडला की सिफत पळून जात नाही." आम्ही हसायचो, पण पद्धत अस्सल होती. वाक्यातलं नाम आधी पकडायचं आणि मग त्याच्याबद्दल कोण काय सांगतंय ते बघायचं.

आता गंमत बघा. इंग्रजीत "गव्हर्नर जनरल", "अटर्नी जनरल", "कोर्ट मार्शल" यांत विशेषण नामाच्या मागं आहे. हे आमच्या वर्गात इंग्रजी माध्यमाच्या पोरांना विचित्र वाटायचं. वडिलांना नाही वाटायचं, कारण "वजीर-ए-आजम" त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं. वजीर नाम, आजम म्हणजे सगळ्यात थोर हे विशेषण, तेही मागंच. फारसीची ती रीत उर्दूत आली. इंग्रजीत हा प्रकार फ्रेंचमधून आला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबार आणि कोर्टकचेऱ्या पुढं बराच काळ फ्रेंचमध्ये चालल्या, म्हणून कायद्याच्या आणि हुद्द्याच्या नावांत फ्रेंच पद्धत टिकून राहिली. सत्ता बाहेरून आली की हुद्द्यांची नावं तिच्या व्याकरणानं बोलायला लागतात. आपल्याकडंही तेच झालं.

याचा व्यवहारातला उपयोग असा की अनेकवचन करताना एस मौसूफाला लागतो. "गव्हर्नर्स जनरल", "कोर्ट्स मार्शल". शेवटच्या शब्दाला एस चिकटवायचा मोह होतो, पण शेवटचा शब्द सिफत आहे.

समथिंग, समवन, एव्हरीथिंग यांचंही विशेषण मागंच येतं. "समथिंग न्यू". "न्यू समथिंग" नाही.

हिमरू

सर, सिफत-मौसूफ वाचून दिल खूश झालं. आमच्याकडं घरात आजबी हे लफ्ज चालतात. मी संभाजीनगरात हिमरू शालीचं काम बघतो, मेरे अब्बा विणकर. हिमरूत सूत आणि रेशीम दोन्ही असतात. टूरिस्टसाठी इंग्रजी टॅग बनवायचे आहेत. छापणाऱ्यानं "सिल्की कॉटन शॉल" असं लिहून दिलं. चालेल का?

गोदाकाठ

नका चालवू. तिथं तुमचाच तोटा आहे.

"सिल्क शॉल" म्हणजे रेशमाची शाल. "सिल्की शॉल" म्हणजे हाताला रेशमासारखी मऊ लागणारी शाल, मग ती पॉलिएस्टरची का असेना. म्हणजे "सिल्की कॉटन" म्हटलं की गिऱ्हाईक समजणार, हे निव्वळ सूत आहे, फक्त मऊ आहे. तुमचं खरं रेशीम त्या एका वायनं पळवून नेलं. "गोल्ड" आणि "गोल्डन" यांचंही असंच: "गोल्ड रिंग" सोन्याची, "गोल्डन हेअर" सोनेरी. "गोल्डन" जुन्या इंग्रजीत सोन्याचं या अर्थानंही येतं, पण दुकानाच्या टॅगवर तो धोका पत्करू नये.

"हँडवोव्हन सिल्क-अँड-कॉटन हिमरू शॉल" असं लिहा. कशानं विणली, कशाची आहे, कोणत्या जातीची आहे. मत कुठंच नाही आणि तरी माणूस हातात घेऊन बघेल.

हिमरू

शुक्रिया सर. छापणाऱ्याला आजच सांगतो. तो म्हणेल "ब्यूटिफुल" टाका, सगळे टाकतात.

दूरदेशी

यावर माझं ठाम मत आहे. टॅगवर असो की गाईडच्या तोंडी, ब्यूटिफुल, वंडरफुल, अमेझिंग यांनी काही कळत नाही. सुंदर आहे की नाही ते पाहुणा ठरवील, त्यासाठीच तर तो आलाय. आपण त्याला ते सांगावं जे त्याला बघूनही कळणार नाही. भाच्याच्या "बिग ओल्ड ब्लॅक स्टोन टेंपल" मध्ये क्रम दुरुस्त झाला तरी एक गोष्ट खटकते: "स्टोन टेंपल" म्हटलं की दगडावर दगड रचून बांधलेलं देऊळ डोळ्यांपुढं येतं. कैलास तसं रचलेलं नाही, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणून काढलेलं आहे. त्याला इंग्रजीत "रॉक-कट" हे नेमकं विशेषण आहे. चार विशेषणं काढा आणि ते एक ठेवा.

लातूरची_लेक

मान्य, पण इतकंही कोरडं नको. गाईड आहे तो, सातबारा वाचून दाखवायला उभा नाही. एखादं "ह्यूज" असू द्या. फक्त "व्हेरी ह्यूज" म्हणू नको म्हणावं. ह्यूजमध्ये व्हेरी आधीच आहे. लावायचंच तर "ॲब्सोल्यूटली ह्यूज".

खुलताबादकर

सगळ्यांचं ऐकून भाच्यानं पान पुन्हा लिहिलंय. बघा जरा:

"कैलास, केव्ह सिक्स्टीन, इज अ ह्यूज रॉक-कट टेंपल. इट वॉज कार्व्हड फ्रॉम द टॉप डाऊन आऊट ऑफ अ सिंगल बसाल्ट हिलसाईड इन द एट्थ सेंच्युरी, अंडर द राष्ट्रकूट किंग्ज. व्हिजिटर्स इंटरेस्टेड इन अदर फेथ्स शुड ऑल्सो सी द बुद्धिस्ट अँड जैन केव्हज. देअर आर अ फ्यू गुड हॉटेल्स निअरबाय. इफ यू हॅव अ प्रॉब्लेम, प्लीज स्पीक टू द ऑफिसर ऑन ड्यूटी."

"ऑफिसर कन्सर्न्ड" त्याला अवघड वाटलं म्हणून "ऑन ड्यूटी" केलं. आणि चौतीस लेण्यांपैकी एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन, हे तो पुढच्या परिच्छेदात घालायलाय.

गोदाकाठ

शाब्बास. "ऑफिसर ऑन ड्यूटी" उत्तम. पुढं "हिस्टॉरिक" आणि "हिस्टॉरिकल" आले तर जपून. ज्याला इतिहासात महत्त्व ते हिस्टॉरिक, नुसतं इतिहासाशी संबंधित ते हिस्टॉरिकल. देवगिरी हिस्टॉरिक फोर्ट, तिथल्या माहितीचं पुस्तक हिस्टॉरिकल. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल ही जोडीही अशीच: पहिलं अर्थव्यवस्थेचं, दुसरं काटकसरीचं.

परभणी_मोती

सर, शेवटचं. "ॲन अस्लीप डॉग" का चालत नाही? "द डॉग इज अस्लीप" चालतं की. आमच्या अधिविशेषण (नामाआधी येणारं) - विधिविशेषणाच्या (नामानंतर येणाऱ्या) हिशोबात दोन्ही बसायला पाहिजे.

गोदाकाठ

चांगला प्रश्न. अस्लीप, अलाइव्ह यांतला सुरुवातीचा "अ" म्हणजे जुन्या इंग्रजीतला "ऑन" हा शब्द झिजून उरलेला. "ऑन स्लीप", "ऑन लाइफ". म्हणजे मुळात ते झोपेत, जिवात असं म्हणणारे शब्दप्रयोग होते. म्हणून ते वाक्याच्या मागच्या अंगालाच राहिले, नामाच्या आधी आलेच नाहीत. अफ्रेड, अलोन, अवेक यांचा उगम सगळ्यांचा सारखा नाही, पण वागणं तेच. तुमच्या भाषेत ही फक्त विधिविशेषणं. नामाआधी हवं असेल तर "स्लीपिंग डॉग", "लिव्हिंग क्रीचर" असं दुसरं विशेषण घ्यायचं. याच्या उलट मेन, मिअर, फॉर्मर ही फक्त अधिविशेषणं. "द फॉर्मर मंत्री" चालतं, "द मंत्री इज फॉर्मर" चालत नाही.

मोंढा

सगळ्यांचं झालं, आता मपलं काम करा. जालन्याहून मोसंबी बाहेर पाठवायचीय, पेटीवर इंग्रजी लेबल पाहिजे. मपल्या पोरानं केलंय: "व्हेरी स्वीट ऑरेंज जालना फ्रेश ज्यूसी बेस्ट क्वालिटी". जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, "जालना स्वीट ऑरेंज" या नावानं. क्रम लावून द्या.

गोदाकाठ

क्रम लावतो, पण आधी "व्हेरी" उडवा. इथलं स्वीट हे चव सांगणारं विशेषण नाही. "स्वीट ऑरेंज" हे त्या फळाच्या जातीचं नाव आहे. ते आंबट निघालं तरी स्वीट ऑरेंजच. अशी विशेषणं नामाला जन्माची चिकटलेली असतात, त्यांच्यात कमी-जास्त होत नाही. हायस्कूलला "व्हेरी हाय स्कूल" म्हणाल का? ग्रीन टीला "व्हेरी ग्रीन टी"? व्हेरी लावून बघायचं, हसू आलं की समजायचं हे जातीचं नाव आहे. याच कारणानं "जालना" आणि "स्वीट ऑरेंज" यांच्या मध्ये काहीही घुसवू नका. मानांकनाचं नाव तुटेल.

उरली फ्रेश आणि ज्यूसी. ही दोन्ही गुण सांगणारी, एकाच तोलाची. मध्ये "अँड" घालून बघा, "फ्रेश अँड ज्यूसी" चालतं, म्हणजे स्वल्पविराम द्यायचा. "ज्यूसी अँड जालना" चालत नाही, म्हणजे तिथं स्वल्पविराम नाही.

लेबल: "फ्रेश, ज्यूसी जालना स्वीट ऑरेंजेस".

मोंढा

गुरुजी, दंडवत. छापायला टाकलं. पण खाली बारीक अक्षरात "बेस्ट क्वालिटी" ठेवलंय बरं का. ते काढलं तर आमचा आडत्या पेटीच उघडत नाही.